वापसा आल्याशिवाय पेरणी नाही

मागच्या अंकात याच पानावर मी ‘एमटॉर’ या प्रथिनाबद्दल चार ओळी लिहिल्या होत्या. आता वाढायचं की थांबायचं, हे पेशीत जी साखळी ठरवते, तिचा हा मुकादम. त्या चार ओळींवर एवढी पत्रं आली की या वेळी सगळं पान त्यालाच देते आहे. सोलापुरात तेहतीस वर्षं वैद्यकीयच्या मुलांना जीवरसायनशास्त्र शिकवलं, पण इतके नेमके, इतके घरातून आलेले प्रश्न मला वर्गात क्वचितच मिळाले. पत्रं थोडी कापली आहेत, नावं गाळली आहेत.

प्रश्न : मॅडम, आमच्या शाळेच्या ग्रुपवर एक मेसेज फिरतोय. एकादशीच्या उपवासाने पेशी स्वतःतला कचरा खाऊन टाकतात, त्याला ‘ऑटोफेजी’ म्हणतात, सोळा तास झाले की ती सुरू होते आणि या शोधाला नोबेल मिळालंय. मी मधुमेही आहे, गोळ्या चालू आहेत. निर्जळी एकादशी धरू का?
— एक शिक्षिका, लातूर

उत्तर : नोबेलचं खरं आहे. जपानच्या योशिनोरी ओसुमी यांना २०१६ साली ते मिळालं. त्यांनी अभ्यास केला तो यीस्टचा, म्हणजे पाव फुगवणाऱ्या किण्वाचा. माल तोडणारी विकरं नसलेल्या यीस्टला उपाशी ठेवलं की पेशीतल्या मोठ्या पोकळीत बारीक बारीक गोळे जमून थरथरू लागतात, हे त्यांनी सूक्ष्मदर्शकातून पाहिलं. ते गोळे म्हणजे पेशीनेच पुडीत बांधून आणलेले स्वतःचे जुने, खराब झालेले भाग. एरवी त्यांचे लगेच तुकडे होतात आणि तोच माल पुन्हा वापरात येतो. १९९८ मध्ये ओसुमींच्या गटाने आणखी एक गोष्ट दाखवली. यीस्टला भरपूर खायला असतानाही त्याचं टॉर प्रथिन औषधाने बंद केलं, तर यीस्ट उपाशी असल्यासारखंच वागतं आणि आवराआवर सुरू होते. थोडक्यात, भुकेची बातमी आवरणाऱ्यांपर्यंत पोचते ती टॉरमार्फत. आपल्यात त्याच प्रथिनाला एमटॉर म्हणतात.

हे एमटॉर काम कसं करतं, ते मला माझ्या वडिलांच्या रानात जसं दिसलं तसं सांगते. आमचं गाव बार्शी तालुक्यातलं, जमीन काळी. पाऊस पडला म्हणून वडील लगेच तिफण जुंपत नसत. दोन-तीन दिवस जायचे. मग सकाळी रानात जाऊन ते मूठभर माती उचलायचे, मुठीत दाबून तिचा गोळा करायचे आणि कमरेच्या उंचीवरून खाली सोडायचे. गोळा पडून भुगा झाला तर वापसा आला. चिकटून राहिला तर अजून नाही. आणि वापसा आला तरी घरात बियाणं हवं, बैलांच्या अंगात बळ हवं. यातलं एक जरी नसलं तरी पेरणी नाही.

एमटॉरही असंच एकाच वेळी सगळं तपासतं. पेशीत लायसोसोम नावाच्या छोट्या पिशव्या असतात, जुना माल तोडण्याच्या. एमटॉरची मुख्य टोळी या पिशवीच्या पृष्ठभागावर येऊन बसते, पण केव्हा? पेशीत अमिनो आम्लं पुरेशी असतील तेव्हाच. म्हणजे बियाणं आलं. नुसतं येऊन बसल्याने मात्र ती चालू होत नाही. तिथेच ऱ्हेब नावाचं दुसरं प्रथिन असतं, ते तिला चालू करतं, आणि ऱ्हेब मोकळं होतं ते इन्शुलिनचा निरोप आल्यावर. तुम्ही जेवलात, रक्तात इन्शुलिन वाढलं, निरोप आत गेला. म्हणजे पाऊस झाला. तिसरी गोष्ट शक्ती. पेशीतली ऊर्जा कमी पडली तर एएमपीके नावाचं प्रथिन मध्ये पडतं आणि सगळं थांबवतं. म्हणजे बैल दमले. सगळं जुळून आलं की एमटॉर हुकूम सोडतं : प्रथिनं बनवा, चरबी बनवा, पेशी मोठी करा, आणि आवराआवर बंद. पेरणीच्या दिवशी कुणी गोठा सारवत बसत नाही.

आता एकादशीकडे येऊ. आपल्याकडे उपवासाला काय खातात? साबुदाण्याची खिचडी, भगर, दाण्याची आमटी, बटाट्याचा कीस, केळी, दूध. साबुदाणा म्हणजे जवळजवळ निव्वळ पिष्टमय पदार्थ, तो इन्शुलिन चढवणार. शेंगदाण्यात शंभर ग्रॅमला सुमारे २५ ग्रॅम प्रथिनं, म्हणजे अमिनो आम्लंही आली. खिचडीची एक बशी खाल्ली की पेशीच्या दृष्टीने पाऊसही झाला आणि बियाणंही आलं. ‘एकादशी दुप्पट खाशी’ असं आपल्या आज्या म्हणायच्या. तेव्हा त्या मेसेजमधला लाभ खिचडीवरच्या उपवासाला लागू होत नाही.

सोळा तासांचा हिशोबही सोडून द्या. ऑटोफेजी ठरल्या तासाला घंटा वाजून सुरू होत नाही. ती सतत थोडी थोडी चालूच असते. यकृतात वेगळी, मेंदूत वेगळी, जेवणानंतर कमी, रात्री अंमळ जास्त. मला जास्त काळजी वाटते ती उलट्या गोष्टीची. सकाळी चहा-बिस्किटं, दहाला नाश्ता, मग जेवण, चारला फरसाण, सातला पुन्हा काहीतरी, रात्री दहाला जेवण. अशाने एमटॉरला दिवसभर पेरणीचा हुकूम मिळत राहतो. आणि त्याची परतफेड अशी की एमटॉरच्या हाताखालचं एस-सिक्स-के हे प्रथिन इन्शुलिनचा निरोप घेणाऱ्या प्रथिनालाच दाबून टाकतं. पेशी इन्शुलिनला दाद देईनाशी होते. मधुमेहाच्या मुळाशी असलेल्या इन्शुलिन-अवरोधाचा हा एक धागा आहे. रात्री लवकर जेवून सकाळपर्यंत बारा तास काही न खाणं, ही आपल्या आज्यांची साधी रीत मला यासाठी मोलाची वाटते.

तुमच्या मुख्य प्रश्नाचं उत्तर : निर्जळी धरू नका. ग्लिमेपिराइडसारखी गोळी किंवा इन्शुलिन चालू असताना न जेवल्याने साखर धोकादायक खाली जाते. घाम, थरथर, कधी बेशुद्धी. धरायचीच असेल तर आधी डॉक्टरांकडून त्या दिवसाच्या गोळ्यांचं प्रमाण ठरवून घ्या. मीही आषाढी धरते. ती विठ्ठलासाठी धरते, आणि त्यासाठी मला दुसरं कुठलं कारण लागलेलं नाही.

प्रश्न : काकू, मी बावीस वर्षांचा आहे, एक वर्ष जिम करतोय. ट्रेनर म्हणतात, ‘ल्युसीन’ जास्त असलेली बीसीएए पावडर घे, एमटॉर चालू होतं. बाबा म्हणतात, वाढ चालू करणाऱ्या गोष्टीने कॅन्सर होतो. घरात रोज वाद आहे.
— सांगली

उत्तर : ट्रेनर अर्धं बरोबर सांगतात. ल्युसीन हे अमिनो आम्ल खरंच एमटॉरला थेट कळतं. सेस्ट्रिन-टू नावाचं एक प्रथिन एरवी वाट अडवून असतं. ल्युसीनचा रेणू त्याच्या खाचेत बसला की ते वाट सोडतं. आणि वजनं उचलणं हा स्नायूंसाठी वेगळा, मोठा निरोप आहे. २००९ साली टेक्सासमधल्या संशोधकांनी तरुणांना व्यायामाआधी एमटॉर बंद करणारं रॅपामायसिन दिलं, तेव्हा व्यायामानंतर स्नायूंत प्रथिनं बनण्याचा वेग एरवी वाढतो तसा वाढलाच नाही. म्हणजे दंडाचे स्नायू भरतात ते या साखळीमुळेच.

चूक कुठे आहे सांगते. बीसीएएमध्ये फक्त तीन अमिनो आम्लं असतात. मुकादमाने हाक दिली आणि विटा तीनच प्रकारच्या आल्या तर भिंत उभी राहत नाही. बाकीची आवश्यक अमिनो आम्लं अन्नातूनच यावी लागतात. तुझ्या घरात भाकरी होत असेल तर ऐक : ज्वारीच्या प्रथिनात ल्युसीनचं प्रमाण धान्यांमध्ये फार वरचं आहे, शेकडा तेराच्या आसपास. कमी पडतं ते लायसीन, आणि ते डाळीत भरपूर असतं. भाकरी आणि घट्ट वरण, भाकरी आणि पिठलं, वर एक वाटी दही किंवा दोन अंडी. एका अंड्यात सहा ग्रॅम प्रथिनं, वाटीभर घट्ट वरणात सहा-सात. साध्या तब्येतीच्या माणसाला वजनाच्या किलोमागे रोज ०.८३ ग्रॅम प्रथिनं पुरतात असं आपली आयसीएमआर सांगते. तू वजनं उचलतोस, तुला दीडपटीपर्यंत घ्यायला हरकत नाही, मूत्रपिंडं धड असतील तर.

बाबांना सांग, त्यांची भीती हवेतली नाही. अनेक कर्करोगांत ही साखळी बेलगाम चालू असते. पण ती तशी होते कारण तिचा ब्रेक असलेलं जनुक, उदाहरणार्थ पीटेन, त्या पेशीत मोडलेलं असतं. मग निरोप असो-नसो, पेरणी चालूच. निरोगी पेशीत वरण-भाकरीने एमटॉर चालू होतं आणि काही तासांनी पुन्हा खाली येतं. तो चढउतार म्हणजेच निरोगीपणा.

आणि घरात आजी असेल तर तुझ्या ताटातलं दही आधी तिला वाढ. म्हाताऱ्या स्नायूंना हा निरोप कमी ऐकू येतो, म्हणून एका जेवणात प्रथिनं जरा जास्तच लागतात. आपल्याकडे म्हाताऱ्या माणसांना मऊ भात आणि पातळ आमटीवर ठेवतात, त्याचं मला फार वाईट वाटतं. तिला खुर्चीतून हात न टेकता दहा वेळा उठायला-बसायला लाव, तू शेजारी उभा राहा.

प्रश्न : ताई, माझ्या मिस्टरांचं किडनी ट्रान्सप्लांट चार वर्षांपूर्वी झालं. आता डॉक्टरांनी टॅक्रोलिमस बदलून सिरोलिमस दिलंय. तोंड आलंय, तिखट अजिबात चालत नाही. मुलाने इंटरनेटवर वाचलं की हीच गोळी परदेशात लोक म्हातारपण लांबवायला घेतात. प्रतिकारशक्ती दाबणारी गोळी आयुष्य कशी वाढवेल? आम्हाला काही चुकीचं तर दिलेलं नाही ना?
— नाशिक

उत्तर : चुकीचं दिलेलं नाही. हे पत्र मी दोनदा वाचलं, कारण ही गोळी आमच्या घरात अकरा वर्षं आहे. माझ्या धाकट्या भावाला वहिनीने मूत्रपिंड दिलं. त्याच्या उशाशी प्लास्टिकची सात कप्प्यांची डबी असते, शेजारी पितळी तांब्या. सकाळी आठचा ठोका पडला की तो डबी उघडतो, आठ पाच होऊ देत नाही. रक्ततपासणीच्या दिवशी मात्र गोळी न घेता जातो, नमुना देतो आणि मग तिथेच बाकावर बसून घेतो. औषधाची पातळी मोजायची ती पुढच्या गोळीच्या आधीची, हे त्याने पहिल्या वर्षीच पाठ केलं. ठेचा सुटला, दहीभात आला. एकदा चपलेने पायाला साधं खरचटलं, ते भरायला सहा आठवडे लागले. तुमच्या मिस्टरांच्या पायाकडे लक्ष ठेवा.

सिरोलिमस म्हणजेच रॅपामायसिन, आणि त्याची गोष्ट मातीपासून सुरू होते. प्रशांत महासागरात, चिलीच्या किनाऱ्यापासून साडेतीन हजार किलोमीटरवर रापा नुई नावाचं बेट आहे, ईस्टर आयलंड. तिथे विमानतळ होणार, जग आत येणार, त्याआधी बेटावरच्या लोकांची तपासणी करावी म्हणून १९६४ च्या अखेरीस कॅनडातून एक वैद्यकीय मोहीम गेली. त्यांनी मातीचेही नमुने आणले. माँट्रियलच्या आयर्स्ट प्रयोगशाळेत त्यातला एक जिवाणू बुरशी मारणारं रसायन बनवताना सापडला. बेटाच्या नावावरून त्याचं नाव रॅपामायसिन. त्यावर आयुष्यभर काम करणारे होते सुरेंद्रनाथ सेहगल. आता पाकिस्तानात असलेल्या पंजाबातल्या गावात १९३२ साली जन्म, शिक्षण बनारस हिंदू विद्यापीठात, पीएच.डी. ब्रिस्टलला. कंपनीने १९८०च्या दशकाच्या सुरुवातीला माँट्रियलचं केंद्र बंद केलं, हे कामही थांबवलं. सेहगलांनी शेवटचा घाणा करून घेतला आणि न्यू जर्सीला बदली झाली तेव्हा त्या कुप्या घरच्या फ्रीझरमध्ये, ‘खाऊ नका’ अशी चिठ्ठी लावून, सोबत नेल्या. काही वर्षांनी कंपन्या एकत्र झाल्या, नव्या साहेबांना त्यांनी गळ घातली, काम पुन्हा सुरू झालं. १९९९ मध्ये अमेरिकेत मूत्रपिंड-प्रत्यारोपणासाठी या औषधाला मंजुरी मिळाली. भावाची डबी उघडली की मला तो फ्रीझर आठवतो.

दरम्यान स्वित्झर्लंडमध्ये बाझलला मायकेल हॉल आणि जोसेफ हाइटमन शोधत होते, की हे औषध पेशीत नेमकं कुणाला धरतं. १९९१ मध्ये यीस्टमध्ये दोन जनुकं सापडली. त्यांचं नाव टॉर, म्हणजे रॅपामायसिनचं लक्ष्य. जर्मनमध्ये त्या शब्दाचा अर्थ वेस असाही होतो, आणि बाझल शहराची जुनी वेस अजून उभी आहे. १९९४ मध्ये सस्तन प्राण्यांतलं तेच प्रथिन सापडलं. म्हणजे आधी औषध, मग त्याचं कुलूप.

आता प्रतिकारशक्ती. परक्या अवयवावर हल्ला चढवतात त्या टी-पेशी. एरवी त्या लहान, निवांत फिरत असतात. शत्रू दिसला की एकीच्या हजारो व्हाव्या लागतात, आणि एवढी वाढ एमटॉरशिवाय होत नाही. मिस्टरांची आधीची गोळी, टॅक्रोलिमस, त्या पेशींना वाढीचा निरोप तयारच करू देत नव्हती. सिरोलिमस निरोप आल्यावर त्याची अंमलबजावणी रोखते. गंमत अशी की दोन्ही गोळ्या पेशीत शिरल्यावर पहिल्यांदा एकाच प्रथिनाचा हात धरतात, आणि मग दोन वेगळ्या दारांवर जाऊन बसतात. टॅक्रोलिमस वर्षानुवर्षं घेतली की ती मूत्रपिंडालाच इजा करू शकते, बदल करण्यामागे बहुधा हेच कारण असेल. डॉक्टरांना विचारा, सांगतील.

पण एमटॉर दाबलं म्हणजे सगळी प्रतिकारशक्ती सरसकट निजली, असं होत नाही. टी-पेशींमध्ये भांडण आवरणाऱ्याही पेशी असतात, नियामक म्हणतात त्यांना. रॅपामायसिनखाली त्या उलट टिकून राहतात. २००९ मध्ये उंदरांत असं दिसलं की कमी मात्रेत हे औषध दिल्यास संसर्गाची आठवण ठेवणाऱ्या टी-पेशी जास्त आणि चांगल्या तयार होतात. २०१४ मध्ये ऑस्ट्रेलिया-न्यूझीलंडमधल्या ज्येष्ठांना याच कुळातलं एव्हरोलिमस सहा आठवडे थोड्या मात्रेत दिलं, मग बंद केलं, मग फ्लूची लस दिली. त्यांचा लसीला प्रतिसाद सुमारे वीस टक्क्यांनी सुधारला. तेव्हा किती, किती दिवस, आणि कुणाला, यावर सगळं ठरतं. तुमच्या मिस्टरांची मात्रा नवं मूत्रपिंड सांभाळण्यासाठी आहे. ती कमी-जास्त करण्याचा विचार मुलाच्या डोक्यातही येऊ देऊ नका.

तोंडासाठी : मऊ ब्रश, मिठाच्या कोमट पाण्याच्या गुळण्या, आणि डॉक्टरांना सांगून लावायचं औषध. गप्प बसून सोसू नका, मात्रा तपासून पाहता येते. रक्तातली चरबी आणि साखर दोन्ही वाढू शकतात, कारण एमटॉर यकृतात आणि स्नायूंतही काम करतं. आणि एक गोष्ट वहिनीमुळे कळली. तिचं माहेर कुडाळचं. दरवर्षी गणपतीच्या वर टांगायला तिकडून पपनसं यायची आणि विसर्जनानंतर घरात खाल्ली जायची. पपनस आणि ग्रेपफ्रूट आतड्यातलं असं एक विकर बंद पाडतात, जे एरवी ही गोळी थोडी मोडून मगच आत सोडतं. ते बंद पडलं की तीच गोळी रक्तात कितीतरी चढते. आता पपनसं फक्त टांगली जातात. बुरशीवरच्या काही गोळ्या आणि क्लॅरिथ्रोमायसिनही हेच करतात. कुणीही नवीन औषध लिहिलं तर आधी ‘मी सिरोलिमसवर आहे’ हे सांगायचं.

प्रश्न : वय ७१, तब्येत उत्तम. अमेरिकेतला पुतण्या आठवड्याला एकदा रॅपामायसिन घेतो. मलाही पाठवतो म्हणतो. घेऊ का?
— पुणे

उत्तर : नका घेऊ. २००९ मध्ये अमेरिकेत तीन प्रयोगशाळांनी एकाच वेळी केलेल्या प्रयोगात ६०० दिवसांच्या, म्हणजे आपल्या हिशोबाने साठीच्या उंदरांना हे दिल्यावर माद्यांचं आयुष्य १४ आणि नरांचं ९ टक्क्यांनी वाढलं. काम भक्कम आहे, माझा त्यावर विश्वास आहे. पण ते उंदीर जंतूंपासून जपलेल्या पिंजऱ्यात होते. तुम्ही पुण्यात राहता, बसने फिरता, नातवंडांचा खोकला घेता. वर सांगितलेल्या लसीच्या प्रयोगानंतर ज्येष्ठांचे श्वसनविकार टाळण्यासाठी अशाच एका औषधाची मोठी चाचणी झाली, ती २०१९ मध्ये अपयशी ठरली. माणसाचं आयुष्य या गोळीने वाढतं, असं कुठल्याही चाचणीने दाखवलेलं नाही. आणि सांगलीच्या मुलाला जे लिहिलं ते तुम्हालाही लागू : सत्तरीत स्नायू हीच ठेव आहे, आणि ती एमटॉर चालू झाल्यावरच वाढते.

प्रश्न : वडिलांच्या स्टेंटच्या कार्डावर ‘एव्हरोलिमस’ लिहिलंय. त्यांचीही प्रतिकारशक्ती कमी झाली का?
— सातारा

उत्तर : नाही. स्टेंटवर औषधाचा लेप असतो, मात्रा मायक्रोग्रॅमची, आणि ती काही महिन्यांत तिथल्या तिथे झिरपते. त्या जागी स्नायूपेशी वाढून नळी पुन्हा बुजू नये एवढंच त्याचं काम. मात्र त्यामुळे स्टेंटवर आतलं अस्तर चढायलाही वेळ लागतो. म्हणून रक्त पातळ ठेवणाऱ्या गोळ्या डॉक्टरांनी सांगितलेल्या मुदतीआधी एक दिवसही बंद करायच्या नाहीत, दात काढायचा असला तरी आधी विचारायचं.

प्रश्न : माझी मुलगी पाच वर्षांची आहे. अंगावर पांढरे डाग होते, मग झटके सुरू झाले. ट्यूबरस स्क्लेरोसिस निघालं. डॉक्टर म्हणाले, या साखळीचा ब्रेक जन्मतःच बिघडलाय, एव्हरोलिमस देऊ. गरोदरपणात मी उपवास केले, कधी पपई खाल्ली. सासरी सगळे तेच बोलतात. माझ्यामुळे झालं का?
— अकोला

उत्तर : नाही, ताई. तुमच्या उपवासाने नाही, पपईने नाही, तुमच्या कुठल्याही कृतीने नाही. हे वाक्य कापून सासरी दाखवा.

ऱ्हेबबद्दल वर लिहिलंय. त्याला एरवी दाबून ठेवणारी दोन प्रथिनं आहेत, टीएससी-वन आणि टीएससी-टू. पहिल्याचं जनुक नवव्या गुणसूत्रावर, दुसऱ्याचं सोळाव्या. दोघं मिळून ब्रेक होतात. तुमच्या लेकीत यातल्या एका जनुकाची एक प्रत सदोष आहे. दर तीनांपैकी दोन मुलांत हा दोष आई-वडिलांकडून आलेलाच नसतो. बीज तयार होताना किंवा गर्भ अगदी सुरुवातीला असताना अक्षर उतरवण्यात तो नव्याने घडतो. जगात साधारण सहा हजार जन्मांमागे एका बाळाला हा आजार असतो, प्रत्येक जातीत, प्रत्येक देशात, उपवास करणाऱ्यांत आणि न करणाऱ्यांत.

ब्रेक नसला की एमटॉर निरोपाविना चालू राहतं आणि मेंदूत, त्वचेत, मूत्रपिंडात गाठी होतात. मोडलेला ब्रेक दुरुस्त करता येत नाही, पण पुढचं चाक धरता येतं, आणि एव्हरोलिमस नेमकं तेच करतं. मेंदूतल्या विशिष्ट गाठी त्याने लहान होतात आणि बऱ्याच मुलांचे झटके कमी होतात. इतकी वर्षं ही साखळी फळ्यावर काढून शिकवली, पण तिचं ज्ञान एखाद्या पाच वर्षांच्या मुलीपर्यंत औषध होऊन पोचतं, यापेक्षा मोठं समाधान मला कशातच मिळालेलं नाही. गोळी स्वतःहून थांबवू नका. तोंड येईल, त्याला घाबरू नका. ताप आला तर त्याच दिवशी दाखवा. जिवंत जंतूंच्या लसी, म्हणजे गोवरासारख्या, या औषधावर असताना देत नाहीत, तेव्हा लसींचं कार्ड घेऊन डॉक्टरांशी बोला. दुसऱ्या मुलाचा विचार असेल तर आधी तुम्हा दोघांची जनुकीय तपासणी आणि समुपदेशन करून घ्या. दोघांची म्हणते आहे.

प्रश्न : आजी, मी परभणीला कृषीच्या दुसऱ्या वर्षाला आहे. पिकांतही टॉर असतं का? आणि मातीतल्या जिवाणूला माणसाच्या पेशी थांबवणारं औषध बनवून काय मिळतं?

उत्तर : पिकांतही असतं, बाळा. आराबिडॉप्सिस या मोहरीच्या कुळातल्या रोपात टॉरचं जनुक काढून टाकलं तर गर्भातच वाढ खुंटते, बी पुढे सरकतच नाही. झाडाला इन्शुलिन नाही. त्याचा पाऊस म्हणजे ऊन, पानांत तयार झालेली साखर आणि ऑक्सिन हे वाढीचं संप्रेरक. साखर मुळाच्या टोकाशी पोचली की तिथलं टॉर चालू होतं आणि मूळ पुढे जातं. रॅपामायसिनला मात्र बहुतेक झाडं दाद देत नाहीत, कारण त्याला पेशीत धरून आणणारं प्रथिन झाडांत जरा वेगळ्या घडणीचं आहे. म्हणजे माणूस, यीस्ट आणि तुझं सोयाबीन यांच्या पेशीत तोच मुकादम बसलेला आहे, निरोप देणारे तेवढे वेगळे.

तुझा दुसरा प्रश्न मला फार आवडला. त्या जिवाणूला माणसाशी काही देणंघेणं नव्हतं. तो स्ट्रेप्टोमायसिस कुळातला, मातीतच जगणारा. त्याच कणाभर ओलाव्यासाठी, त्याच कुजलेल्या काडीसाठी शेजारी बुरशी आणि यीस्ट टपलेले असतात. त्यांचं टॉर बंद केलं की त्यांना वाटतं दुष्काळ आहे, आणि ते वाढायचे थांबतात. समोर अन्न असूनही. आपल्याला ते औषध लागू पडतं ते एवढ्यासाठी की यीस्टचा आणि आपला मुकादम अजूनही एकाच साच्यातला आहे.

या कुळाला तू ओळखतोस. मृगाची पहिली सर पडल्यावर मातीचा जो वास येतो, तो जिओस्मिन नावाच्या रसायनाचा, आणि ते बनवण्यात स्ट्रेप्टोमायसिस पुढे. कॉलेजच्या प्रयोगशाळेत सरांना विचारून स्टार्च-केसिन आगरच्या प्लेट घाल. शेतातली माती सावलीत आठवडाभर वाळव, पाण्यात हजारपट विरळ कर, एक थेंब पसर. तीन दिवसांत बाकीचे जिवाणू येतील, ते चकचकीत, ओलसर दिसतात. तू थांब. सात-आठ दिवसांनी खडूच्या भुकटीसारख्या कोरड्या, आगरात घट्ट रुतलेल्या वसाहती दिसतील, सुईने उचलायला गेलास तर सहज निघणार नाहीत. प्लेट कधी हुंगायची नाही, यावर मी मुलांना फार ओरडायचे. पण झाकण नुसतं सरकवलंस तरी वास येईलच. मग त्यातल्या एका वसाहतीशेजारी यीस्टची एक रेघ ओढ, आणि ती कुठपर्यंत येऊन थांबते ते पट्टीने मोजून मला लिही.